दहा वर्षांची गॅरंटी

माझा धंदा गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगचा. ठाणे, कळवा, डोंबिवली या पट्ट्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या गच्च्या मी कोरड्या केल्या आहेत आणि प्रत्येक कोटेशनच्या तळाशी ‘दहा वर्षांची गॅरंटी’ असं ठळक अक्षरांत लिहून दिलं आहे. जून लागला की फोन सुरू होतात. ‘साहेब, बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आलीये.’ मी शांतपणे सांगतो, ‘घाबरू नका. पाणी आहे, ते वाट शोधणारच. आपण त्याची वाट बंद करायची.’ हे वाक्य बायकोने एकदा दाराआडून ऐकलं आणि म्हणाली, ‘आपल्या बेडरूममधली वाट कधी बंद करतोस?’

आमच्या बेडरूममधली गळती पावणेदोन वर्षांची आहे. वजन बारा किलो. दिवसा तिचा काही उपद्रव नसतो, म्हणजे असतो, पण कोरडा असतो. रात्री नऊला चिरंजीव नवाकोरा डायपर घालून, पाकिटावरच्या हसऱ्या बाळाइतकेच प्रसन्न होऊन झोपतात आणि पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास माझ्या बनियनला काहीतरी कोमट लागतं.

गंमत अशी की ज्याने हे केलं तो ठार झोपलेला असतो. ओलीने त्याला जाग येत नाही. आम्ही त्याचे कपडे बदलायला घेतले की येते. आणि एकदा जाग आली की त्याला ‘गागी’ लागते. लाल गागी की ट्रकवाली गागी हे सांगण्याइतकं त्याला बोलता येत नाही, पण दिलेली गाडी भिरकावण्याइतकं स्पष्ट मत असतं. मग एकजण अंधारात चादर ओढतो, एकजण पलंगाखाली ट्रक शोधतो आणि दोघेही एकमेकांना ‘लाइट लावू नको, तो उठेल’ असं सांगतात. तो तोवर टाळ्या वाजवत असतो.

झोपताना त्याचं डोकं उशीवर असतं. पहाटेपर्यंत ते आईच्या पोटाशी गेलेलं असतं आणि त्याचा उरलेला, तांत्रिकदृष्ट्या महत्त्वाचा भाग माझ्या बरगड्यांवर आलेला असतो. ‘तुझ्यावर जीव आहे त्याचा,’ असं म्हणून बायको कोरड्या बाजूला कूस बदलते.

गादी कापसाची आहे. सासरहून आलेली, त्यामुळे टाकताही येत नाही. पावसाळ्यात ती गॅलरीच्या कठड्यावर टाकली की समोरच्या इमारतीतल्या काकू खिडकीत येतात. काकूंचा दिवस आमच्या गादीने सुरू होतो.

‘परत का हो?’

‘नाही नाही. ऊन दाखवतोय जरा.’

‘ऊन कुठाय?’

जुलैमध्ये ठाण्यात या प्रश्नाला उत्तर नसतं.

तेव्हा मी ठरवलं की हे काम आता धंदेवाईक पद्धतीने घ्यायचं. पहिली पायरी, मटेरियलची निवड. मेडिकलवाल्याने विचारलं, ‘वजन?’ मी म्हटलं, ‘बारा किलो.’ त्याने तीन पाकिटं काउंटरवर ठेवली. एम म्हणजे ७ ते १२ किलो, एल म्हणजे ९ ते १४, एक्सएल म्हणजे १२ ते १७. ‘तिन्ही बसतील,’ तो म्हणाला. आमच्या घराण्यात एवढ्या ठिकाणी एकदम पात्र ठरलेला हा पहिलाच. तिन्ही घेऊन आलो. एममध्ये त्याच्या मांड्यांवर वळ उठले. एक्सएलमध्ये पाय घालून तो दोन पावलं चालला आणि डायपर मागेच राहिला. एल बसला, झकास बसला आणि रात्री गळला.

दुसरी पायरी, टेस्टिंग. गच्चीचं काम झालं की आम्ही पाणी जायचे पाइप बंद करतो, गच्चीवर पाणी भरतो आणि दोन-तीन दिवस खालच्या घराच्या छताकडे बघत बसतो. याला पाँडिंग टेस्ट म्हणतात. ही टेस्ट केल्याशिवाय कमिटी चेक देत नाही. तर घर झोपल्यावर मी ओट्यावर परात मांडली, तिच्यात नवा डायपर पसरला आणि मापाने नळाचं पाणी ओतायला लागलो. शंभर मिली, दोनशे, तीनशे. अर्धा लिटर झालं तरी परातीत थेंब नाही! डायपर नुसता गुबगुबीत होत गेला. माझे डोळे भरून आले. असं मटेरियल मला कळव्याच्या एका गच्चीसाठी मिळालं असतं तर आज मी कोर्टाच्या तारखांना गेलो नसतो.

त्याच पहाटे बनियन भिजलं.

माझा एक मित्र रंगांच्या कारखान्यात केमिस्ट आहे. तो म्हणाला, ‘वेड्या, आतली पावडर म्हणजे सोडियम पॉलिअॅक्रिलेट. शुद्ध पाणी दिलं तर स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पिते. पण पाण्यात मीठ आलं की तिची भूक मरते. मग तीस-चाळीस पटींवर गाडी थांबते. तुझा मुलगा काय बिसलेरी सोडतो का?’

म्हणून दुसऱ्या रात्री मी पाण्यात मीठ घातलं. नेमकी तेव्हाच आई पाणी प्यायला उठली. ओट्यावर परात, परातीत डायपर, माझ्या एका हातात माप आणि दुसऱ्या हातात मिठाची बरणी.

‘काय करतोयस?’

‘टेस्ट.’

‘मीठ कशाला?’

‘लघवीत असतं.’

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘ते माप वरणाच्या डाळीचं आहे.’

ते माप तेव्हापासून माझ्या नावावर आहे. खाऱ्या पाण्यातही डायपर पास झाला, हे सांगायचं राहिलं. तेव्हा आईला ते सांगण्यासारखं वातावरण नव्हतं.

आता कोडं असं की परातीत न गळणारी वस्तू पलंगावर का गळते? विचार करता करता लक्षात आलं की गच्ची आणि मुलगा यांत एक मूलभूत फरक आहे. गच्ची कूस बदलत नाही. तिचा स्लोप एकदा दिला की तिन्ही ऋतू तोच. आमच्या चिरंजिवांचा स्लोप दर वीस मिनिटांनी बदलतो. ते पालथे, उताणे, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर आणि क्वचित शीर्षासनात झोपतात. शिवाय पाणी शंभर-शंभरच्या मापाने, मधे श्वास घेत येत नाही, एकदम येतं. पावडरीला ते ओढून घ्यायला थोडा अवधी लागतो आणि तेवढ्यात त्याला कडेची वाट सापडते. उरलंच काही तर बारा किलोंनी त्यावर पालथं पडून ते पिळून काढायचं.

हे सगळं मी जेवताना कागदावर स्लोपची आकृती काढून समजावून सांगितलं. बायको म्हणाली, ‘जेवताना नको.’ आई म्हणाली, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’

आईच्या वेळी लंगोट होते. जुन्या सुती साडीचे, त्रिकोणी, आणि खाली मेणकापड. पावसाळ्यात ते वाळायचे नाहीत म्हणून शेगडीवर टोपली पालथी घालून शेकायचे, त्यामुळे साऱ्या घराला धुराचा आणि त्याखाली आणखी कशाचा तरी वास असायचा. पण हा भाग आई वगळते. तिच्या कथेत मुलाला रात्री ठरल्या वेळी मोरीत नेऊन ‘शूऽऽ’ केलं की मूल आज्ञाधारकपणे मोकळं व्हायचं. ‘तू नऊ महिन्यांचा असताना तुझी गादी कोरडी असायची,’ ती म्हणाली.

‘माझी कोरडी नसायची,’ पेपराआडून बाबा म्हणाले. ‘हा माझ्याकडे झोपायचा. बालवाडीत जाईपर्यंत.’

त्यानंतर आई बाबांशी दोन दिवस बोलली नाही आणि बायको माझ्याशी फारच प्रेमाने बोलायला लागली.

मी आईला सांगायचा प्रयत्न केला की डायपरच्या शोधामागेही एक वैतागलेली आईच आहे. १९४६ साली अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या बाईंनी ओल्या चादरी धुऊन धुऊन कंटाळून न्हाणीघरातला पडदा उतरवला, शिवणयंत्रावर घातला आणि लंगोटावरून चढवायचं गळतीबंद आवरण शिवलं. १९५१ मध्ये पेटंट घेतलं आणि हक्क दहा लाख डॉलरला विकले. पुढे १९६१ मध्ये ‘पॅम्पर्स’ बाजारात आले. ते बनवणारे व्हिक्टर मिल्स हे गृहस्थ नातवंडांचे लंगोट बदलून जेरीला आलेले आजोबा होते. आई आणि आजोबा यांनी जगाला दिलेल्या या देणगीत बापांचा वाटा मला कुठे सापडला नाही. बाप बहुधा परातीत पाणी ओतत असावेत.

‘पडदा कापला?’ एवढं एकच आईने विचारलं. ‘आणि अंघोळीचं काय?’

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, ‘मूत्राशयाचा एक ढोबळ हिशोब असतो. मुलाच्या वयात दोन मिळवायचे आणि तीसने गुणायचं. दोन वर्षांच्या मुलाला साधारण १२० मिली. रात्री दूध किती घेतो?’

‘एक बाटली. २४० मिली.’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. टाकी १२० ची आणि रोज रात्री इनलेट २४० चा, हे मी दुसऱ्या कुणाच्या इमारतीत पाहिलं असतं तर प्लंबरला गच्चीवरून खाली लोटलं असतं.

त्यांनी सांगितलं की दूध झोपण्याच्या बरंच आधी, पेल्यातून द्या. बाटली तोंडात घेऊन झोपल्याने दातही किडतात. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक येतं. या वयात त्याचं रात्रीचं वेळापत्रक अजून बसलेलं नसतं. ‘शिस्तीचा प्रश्न नाही हा,’ डॉक्टर म्हणाले. ‘पाच वर्षांपर्यंत रात्री गादी ओली होण्याला आम्ही आजारसुद्धा म्हणत नाही.’

पाच वर्षं! बायकोने माझा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, ‘डॉक्टर नवीन दिसतोय.’

दुधाचं वेळापत्रक आम्ही कडक केलं. साडेसातला पेला, मग थेंब नाही. तरी गळती काही कमी होईना. एका रात्री देवघरापाशी कुजबुज ऐकू आली म्हणून मी डोकावलो, तर अंधारात आजी नातवाला बाटली पाजत होती. ‘पोराला दुधाशिवाय झोपवायचं? कुणाच्या घरचं आहे हे?’ आरोपी आणि लाभार्थी दोघांनीही माझ्याकडे सारख्याच तिरस्काराने पाहिलं.

याच सुमारास साडू मैदानात उतरले. नाशिकला असतात. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो. कर्ज, कोंडा, कुत्रं, काहीही. ‘दोन घाल,’ ते फोनवर म्हणाले. ‘एकावर एक. सोपं आहे.’ घातले. चिरंजीव पाय फाकवून, दंड ताठ करून हॉलमध्ये उभे राहिले आणि समोर कुणी पैलवान दिसेना म्हणून रडायला लागले. पहाटे बनियन भिजलंच. पाहतो तर बाहेरचा डायपर खडखडीत कोरडा. आतल्याला खालून प्लॅस्टिकचं अस्तर. त्यातून पाणी बाहेरच्याला मिळणार कसं? ते बाजूने माझ्याकडे आलं.

‘अरे, आतल्याला कात्रीने चिरा पाडायच्या असतात,’ साडू म्हणाले. ‘ते सांगायचं राहिलं.’

चिरा पाडल्या. त्या रात्री बाहेरच्या डायपरला त्याचा वाटा मिळाला, हे मान्य केलं पाहिजे. मात्र चारच्या सुमारास अंधारात, एका हाताने ट्रक शोधत, मी चादर गोळा केली तेव्हा चिरलेला डायपर त्या बोचक्यात गेला आणि ते बोचकं तसंच मशीनमध्ये गेलं.

सकाळी आईने मशीन उघडलं. ‘यात साबुदाणा कुणी टाकला?’

बाबांच्या लेंग्यापासून बायकोच्या ओढणीपर्यंत सगळ्यांवर पारदर्शक दाणे. केमिस्ट मित्राला फोन केला. तो म्हणाला, ‘मशीनमध्ये मीठ टाक आणि परत फिरव. मिठाने जेल आकसतं.’ मी बरणी घेऊन निघालो. आई म्हणाली, ‘परत मीठ?’

बरंचसं निघालं. माझ्या एका पँटच्या आतल्या शिवणीत मात्र थोडं वाळून बसलं होतं, ते दिसलं नाही. ती पँट घालून मी कळव्याच्या एका सोसायटीत कोटेशन द्यायला गेलो. गच्ची दाखवता दाखवता जोराची सर आली, मी पार भिजलो आणि कमिटीच्या देखत माझ्या पँटला मांडीपाशी हळूहळू गळू यावं तसा फुगा यायला लागला. सेक्रेटरी मागे सरकले. चेअरमन मात्र जाणते होते. त्यांनी खाली वाकून बोट लावून पाहिलं आणि विचारलं, ‘साहेब, हे तुमचं नवीन केमिकल का?’

मी ‘हो’ म्हणालो. काम मिळालं.

घरची गळती थांबवली ती मावशींनी. मावशी दिवसा मुलाला सांभाळायला येतात. एका संध्याकाळी रुळांवर पाणी आल्याने गाड्या बंद पडल्या आणि त्या आमच्याकडेच राहिल्या. रात्री त्यांनी त्याला डायपर घालायला घेतला. आधी कापडाने त्याच्या मांड्या पुसल्या. ‘एवढं खोबरेल कशाला चोपडता? तेल डायपरला लागतं, मग ते पाणी ओढतच नाही.’ आई, जी रोज रात्री वाटीभर तेल जिरवते, ती देवापुढची वात सारखी करायला उठली. मावशींनी डायपर बेंबीपर्यंत वर ओढला, शूचं तोंड खालच्या बाजूला केलं (‘वर राहिलं की पोटावरूनच येणार ना दादा’) आणि मांडीभोवती बोट फिरवून आत दुमडली गेलेली झालर चारी बाजूंनी बाहेर काढली. या सगळ्याला लागलेल्या वेळात मी ओट्यावर नुसती परात मांडतो.

गळती स्लॅबमधून नसते, सांध्यातून असते. हे वाक्य मी दर कमिटीपुढे म्हणतो. भिंत आणि गच्ची मिळतात तिथला कोपरा गोल करून घेण्याला आमच्यात वाटा मारणं म्हणतात आणि तो नीट मारला नाही म्हणून मी मिस्त्रींना वर्षानुवर्षं झापत आलो आहे. मांडी आणि डायपर मिळतात तिथे झालर असते, ती त्याच कामासाठी असते.

‘मावशी, हे आधी का नाही सांगितलंत?’ बायकोने विचारलं.

‘मी रोज सकाळी बघायची, झालर आत. पण म्हटलं, दादा इंजिनियर आहेत. मुद्दाम घालत असतील.’

त्या पहाटे मी सवयीने जागा झालो. बनियन कोरडं. चादर कोरडी. खात्री करावी म्हणून चिरंजिवांना खालून चाचपलं. ते जागे झाले आणि गागी मागू लागले. बायको काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मावशी बाहेरच्या खोलीत गाढ झोपल्या होत्या.

पुढे काही दिवस समोरच्या काकू उगाचच खिडकीत येऊन परत जायच्या. एकदा त्यांनी न राहवून विचारलंच, ‘सगळं ठीक आहे ना? गादी दिसली नाही.’

त्यांची चिंता फार टिकली नाही. आपल्या मुलाला नवीन काहीतरी यायला लागलं की आईबापांना आनंद होतो असं म्हणतात. आमच्या मुलाला आता स्वतःचा डायपर काढता येतो. तो झोपेत काढत नाही. रात्री मधेच उठून, पूर्ण शुद्धीत, दोन्ही हातांनी खाली सरकवून काढतो, आईच्या उशीवर नीट ठेवतो आणि मग आपलं काम करून झोपतो. पहिल्यांदा काढला त्या पहाटे आम्ही तपासलं तेव्हा डायपर संपूर्ण कोरडा होता. झालर बाहेर, तेल नाही, कुठेही गळती नाही. वॉटरप्रूफिंगवाला म्हणून मला त्या डायपरला शंभरपैकी शंभर गुण द्यावे लागतील.

साडूंचा फोन येऊन गेला. डायपर उलटा घाल, मागचा भाग पुढे. वरून पाठीवर बटणं असलेला एकसंध झबला चढव. नाहीतर चिकटपट्टी लाव. पहिले दोन उपाय सुरू आहेत. तिसऱ्याला बायकोने हरकत घेतली आहे. आईने लंगोटाचा प्रस्ताव पुन्हा मांडला असून तिने त्यासाठी दोन साड्या काढूनही ठेवल्या आहेत. त्यातली एक बायकोची आहे.

वाचकांपैकी कुणाकडे यावर रामबाण, अनुभवसिद्ध, हमखास उपाय असेल तर त्यांना हात जोडून विनंती आहे की तो कळवू नये. जुन्या चादरी असतील तर मात्र जरूर पाठवाव्यात. सुती हव्यात, डबल बेडच्या. रंग गडद असेल तर उत्तम.